वीस टन हरकती

मोसवायलर गावात माणूस जन्माला येतो तो घर बांधण्यासाठी, आणि मरतो तो बहुधा परवानगी हातात पडण्याच्या जरा आधी. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. दक्षिण जर्मनीतल्या बोडन सरोवराकाठची आम्ही श्वाबी माणसं मुळात सोशीक आणि चिकट. आमच्याकडे फुकट मिळणाऱ्या गोष्टी दोनच, तळ्याचं दर्शन आणि शेजाऱ्याचा सल्ला. दुसरीसाठी काही करावं लागत नाही. पहिलीसाठी मात्र खिडकी योग्य दिशेला असावी लागते.

राइनहोल्ड हेगेले यांची खिडकी अयोग्य दिशेला होती. हेगेले जिल्हा बांधकाम कार्यालयात उपप्रमुख होते आणि त्यांचं काम ‘नाही’ म्हणण्याचं होतं. ते काम ते जीव ओतून करत. त्यांचा नकार इतका सुबक, इतका निर्दोष असे की काही अर्जदारांनी तो चौकटीत बसवून भिंतीवर लावला होता. भिंत अर्थात भाड्याच्या घराची. खुद्द हेगेलेही भाड्याच्याच घरात राहत, आणि त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सोसायटीचे कचऱ्याचे डबे दिसत. डबे स्वच्छ असत, हे मान्य करायला हवं.

लग्नात त्यांनी बायकोला, म्हणजे इर्मेलाला, एकच वचन दिलं होतं. फळीवरची कणीक खरवडून उकळत्या पाण्यात श्पेत्सले, म्हणजे आमच्या शेवया, सोडताना तुला समोर तळं दिसेल. इर्मेलाने तेव्हापासून हजारो वेळा श्पेत्सले केले आणि दर वेळी समोर डबे पाहिले. शेवटी एका वसंतात तिने फळी ओट्यावर आपटली.

‘‘अहो, ऐकताय का? यंदाच्या नाताळाचे श्पेत्सले मी माझ्या घरात करणार. तळ्यासमोर. नाहीतर उल्मला बहिणीकडे जाऊन करीन, आणि मग तिकडेच राहीन. तिच्या खिडकीतून निदान नदी तरी दिसते.’’

‘‘अगं, पण नियम...’’

‘‘नियम तुम्ही जेवा. मी चालले उल्मला.’’

जमीन नव्हती असं नाही. काकांनी हेगेल्यांच्या नावे द्राक्षमळ्याचा एक उतार ठेवला होता. तिथून तळं तर दिसेच, तळ्यापलीकडचा स्वित्झर्लंडचा बर्फही फुकटात दिसे. पण वर जायला दगडी पायऱ्यांखेरीज काही नव्हतं. रस्ता होऊ शकत नव्हता, कारण पूर्वी एका शेजाऱ्याने रस्ता मागितला तेव्हा हेगेले स्वतः पाहणीला गेले होते आणि त्यांना बांधावर एक सरडा ऊन खात बसलेला दिसला होता. तो सरडा तिथलाच रहिवासी, की कुणाकडे पाहुणा आला होता, याची चौकशी झाली नाही. हेगेल्यांनी त्याच दिवशी सबंध उतार, त्यावरचे बांध आणि बांधांतला प्रत्येक दगड सरड्यांसाठी राखीव करून टाकला. त्या आदेशाचं जिल्ह्यात फार कौतुक झालं होतं.

पाठीवरून ओझं नेऊ नये असा मात्र नियम नव्हता. म्हणून नवराबायकोने द्राक्षाच्या टोपल्यांतून वाळू, सिमेंट, खडी, सगळं पाठीवरून वर नेलं आणि पाया घातला. त्यात इर्मेलाची कंबर गेली. घर पाहावं बांधून म्हणतात, तिने तर पायाच पाहिला होता. पण ती कुरकुरली नाही. संध्याकाळी त्या कोऱ्या पायावर, जिथे पुढे खिडकी येणार होती तिथे, ती तळ्याकडे तोंड करून उभी राही आणि हेगेल्यांना म्हणे, ‘‘इथे. बरोब्बर इथे.’’

आता पायावर घर कसं न्यायचं? त्याचं उत्तर शेजारच्या गावातल्या भल्यामोठ्या शेडमध्ये होतं. तिथे एका नव्या कंपनीने वायुनौका बांधली होती. कागदोपत्री वायुनौका, आम्ही तिला फुगा म्हणतो. आमच्या आजोबा-पणजोबांनी इथे फुगे शिवले, म्हणून आम्ही सगळे जन्मजात फुगेतज्ज्ञ आहोत, आणि फुगा दिसला की आमची छाती आपोआप फुगते. हा नवा फुगा पवनचक्कीची पाती डोंगरावर नेई, रस्ता नसलेल्या रानातून लाकूड उचलून आणी, आणि मधल्या वेळात पोटावर पनीरची जाहिरात लावून तळ्यावर घिरट्या घाली. आता कंपनीने घरपोच घर असा धंदा काढला होता. कारखान्यात तयार झालेलं घर, चुलीसकट आणि पडद्यांसकट, पोटाखाली टांगायचं आणि पायावर नेऊन ठेवायचं. ना रस्ता, ना धावपट्टी, ना क्रेन.

कंपनीच्या व्यवस्थापक आणि नौकेच्या प्रमुख स्वेन्या डालमान या हॅम्बुर्गच्या, म्हणजे आमच्या दृष्टीने परदेशीच. त्या म्हणाल्या, ‘‘आमच्याकडे उत्तरेत वादळ आलं की घरं उडतात. इथे उडवायचे पैसे मिळतात. मला तुमचं गाव फार आवडलं.’’

परवानग्यांचे अर्ज हेगेल्यांनी स्वतः तयार केले. आपल्याच अर्जावर आपण निर्णय देणं बरं दिसत नाही, म्हणून फाईल त्यांचा हाताखालचा मदतनीस क्यूब्लर याच्याकडे गेली. क्यूब्लरला त्यांनीच शिकवलं होतं की ओळखीच्या अर्जदारावर दुप्पट संशय घ्यावा. क्यूब्लरने घेतला. त्याला अडचण सापडली ती विम्याची. हवेत लटकलेलं घर हे घर नसून माल ठरतं, आणि पडदे लावलेल्या मालाचा विमा कुणी उतरवत नाही. ते घर ठरायचं तर त्यात कुणीतरी राहायला हवं.

‘‘म्हणजे इर्मेलाबाईंनी आतच बसायचं,’’ क्यूब्लर म्हणाला.

‘‘मालाबरोबर प्रवासी न्यायला बंदी आहे,’’ डालमानबाईंनी सांगितलं.

‘‘प्रवासी कशा? त्या घरी आहेत. फिरतंय ते घर.’’

हेगेल्यांचे डोळे पाणावले. पोराने नाव काढलं होतं.

तर ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सगळं मोसवायलर उताराच्या पायथ्याशी जमलं. अग्निशामक मंडळाने सॉसेज भाजायला घेतले, वाद्यमंडळाने तुताऱ्या फुंकल्या. फुगा आला. खाली घर, घराला खिडकी, खिडकीत इर्मेला. ती आम्हाला हात करत होती. मग तिची नजर तळ्याकडे गेली आणि तिचा हात तसाच अधांतरी राहिला. आम्ही खालून हाका मारल्या, पण तिने काही खाली पाहिलं नाही. इतकं निवांत तोंड आम्ही तिचं कधी पाहिलं नव्हतं.

घर पायाच्या वर हातभर अंतरावर येऊन थांबलं आणि चर्चच्या घड्याळाने एकचा ठोका दिला.

‘‘थांबा!’’ गॉटलोब राप ओरडला. राप हा हेगेल्यांचा भाड्याच्या इमारतीतला शेजारी, आणि उतारावरही बरोबर त्यांच्या खालच्या तुकड्याचा मालक. ‘‘एक वाजला. तीनपर्यंत दुपारची शांतता. आता यंत्राचा आवाज चालणार नाही.’’

‘‘अरे राप, हातभर राहिलंय!’’

‘‘हातभर काय नि बोटभर काय. मी माझं घर बांधायला परवानगी मागितली तेव्हा तुम्ही बोट तरी सोडलंत का?’’

हेगेल्यांना ते पटलं. शांततेचा नियम त्यांना मनापासून प्रिय होता. यंत्रं थांबली. घर दोन तास हवेत डुलत राहिलं. इर्मेलाने कॉफी केली आणि खिडकीत बसून प्यायली. खालच्या आम्हा मंडळींना तिचा हेवा वाटला, तो आम्ही सॉसेजबरोबर गिळला.

तीन वाजता डालमानबाईंनी विचारलं, ‘‘पाणी कुठाय?’’

‘‘कसलं पाणी?’’

‘‘अहो साहेब, फुग्याचा साधा हिशोब आहे. वीस टन खाली ठेवलं की वीस टन वर घ्यावं लागतं. नाहीतर घर राहील इथे आणि आम्ही जाऊ चंद्रावर. आम्ही नेहमी पाणी घेतो. टँकर मागवलाय मी, पण तो खाली उभा आहे. म्हणे वर यायला रस्ता नाही.’’

‘‘तुमच्या पत्रकात लिहिलंय, रस्ता लागत नाही!’’

‘‘घराला लागत नाही. पाण्याला लागतो.’’

तळ्यातून पाणी उपसावं, असं कुणीतरी म्हणालं. क्यूब्लरने मान हलवली. तळ्याचं पाणी पार श्टुटगार्टची माणसं पितात, त्याचा उपसा वेगळ्या खात्याकडे, आणि ते खातं सोमवारी उघडतं. मग इथले दगड घ्या, असं दुसरं कुणी म्हणालं.

‘‘दगड राखीव आहेत,’’ क्यूब्लर म्हणाला. ‘‘सरड्यांना.’’

‘‘कुणाचा हा गाढवपणा?’’ हेगेले कडाडले. ‘‘सही कुणाची आहे त्यावर?’’

‘‘आपलीच, साहेब. फार सुरेख आली आहे.’’

आता उरली माणसं. आम्हीच वर चढून बसलो असतो तर भागलं असतं. गावात वजनदार मंडळींचा तुटवडा कधीच नव्हता. डालमानबाई नियम डोळ्याआड करायला तयार होत्या. पण शनिवार होता. शनिवारी संध्याकाळच्या आत ज्याच्या दाराला झाडूची पाटी लटकलेली असते त्याने जिना झाडायचा असतो, नाहीतर इमारतीत तोंड दाखवायला जागा राहत नाही. आणि काय योगायोग पाहा, त्या आठवड्यात झाडूची पाळी आम्हा सगळ्यांचीच निघाली. तुतारीवाल्यांची निघाली, अग्निशामकांची निघाली, ज्याच्या घराला जिनाच नाही त्याचीही निघाली. आम्ही फार हळहळलो.

‘‘अंधार पडायच्या आत मला निघावं लागेल,’’ डालमानबाई म्हणाल्या. ‘‘घर परत शेडमध्ये. पुढची फेरी म्हणजे परवानग्या पुन्हा पहिल्यापासून, वसंतच उजाडेल.’’

वर खिडकीत इर्मेला उभी होती. तिला सगळं ऐकू गेलं असावं. पायापासून हातभर अंतरावर, ज्या पायासाठी तिने कंबर मोडून घेतली होती, त्याच्यावर ती लोंबकळत होती. तिने डोळे पुसले. मग तिचा आवाज चढला.

‘‘अहो, तुमच्या ऑफिसचं तळघर भरून काय पडलंय? रोज घरी येऊन सांगता ना, आज आणखी एक नाकारली, आज आणखी दोन नाकारल्या, तळघराच्या फरशा खचल्या म्हणून? आणा की त्या!’’

सगळे हेगेल्यांकडे बघायला लागले.

‘‘फायली इमारतीबाहेर नेता येत नाहीत,’’ हेगेले म्हणाले. ‘‘परवानगीशिवाय.’’

‘‘परवानगी कुणी द्यायची?’’

‘‘मी.’’

‘‘मग द्या!’’

हेगेल्यांनी पेन काढलं. त्या हाताने आजवर एकदाही ‘हो’ लिहिलं नव्हतं. ‘ह’ला काना जोडायला त्यांना किती कष्ट पडले ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. मात्रा क्यूब्लरने दिली.

आणि मग काय सांगावं! ज्यांचे जिने झाडायचे राहिले होते ते सगळे कार्यालयाकडे धावत सुटले. गावात असं एकही घर नव्हतं ज्याचा एखादा अर्ज त्या तळघरात मरून पडला नव्हता. कुणाची गच्ची, कुणाचं गॅरेज, कुणाचं कोंबड्यांचं खुराडं. माझी फाईल मीच नेणार, म्हणून बायकासुद्धा हटून बसल्या. पायऱ्यांवर माणसांची रांग लागली आणि हातोहात नकार वर चढू लागले. राप आपली फाईल तान्ह्या लेकरासारखी छातीशी धरून आला, आणि फुग्याने खाली सोडलेल्या वजनाच्या जाळ्यात टाकताना तिचा मुका घेतला.

जाळ्याच्या वजनाचा काटा वीस टनांवर आला. घर पायावर टेकलं. तुताऱ्या वाजल्या, फुगा आमचे सगळे नकार पोटाखाली घेऊन आल्प्सच्या दिशेने निघून गेला.

त्या रात्री इर्मेलाने श्पेत्सले केले. नाताळची वाट पाहिली नाही. खिडकीबाहेर तळं चंद्रप्रकाशात चमकत होतं.

‘‘दिसतंय का गं?’’ हेगेल्यांनी विचारलं.

‘‘दिसतंय हो,’’ ती म्हणाली आणि फळी हातात तशीच धरून रडली.

गोष्ट इथे संपती तर आम्ही शहाणे ठरलो असतो.

सोमवारी क्यूब्लरने कायदा उघडला. नकाराची फाईल नाही म्हणजे नकार नाही. नकार नाही म्हणजे अर्ज अनिर्णित. आणि अर्ज मुदतीत अनिर्णित राहिला तर तो मंजूर समजावा, असं कलम स्वच्छ लिहिलेलं. म्हणजे सगळ्या गावाचं सगळं मंजूर! आम्ही रस्त्यात एकमेकांना मिठ्या मारल्या. मिठी मारतानाच प्रत्येकाच्या लक्षात आलं की समोरच्याचंही मंजूर झालंय.

दुपारपर्यंत कार्यालयासमोर ही गर्दी. आपली फाईल वर गेली ते झकास झालं, पण शेजाऱ्याची जायला नको होती. तेवढी एक परत आणता येईल का?

राप मात्र गर्दीत नव्हता. तो कारखान्यात घर पसंत करत होता. दुमजली, वर उंच छप्पर, छपरावर वाऱ्याबरोबर फिरणारा पत्र्याचा पवनकोंबडा. पाया त्याने आधीच घालून ठेवला होता, फुलझाडांचा वाफा म्हणून. त्याचं छप्पर नेमकं इर्मेलाच्या खिडकीसमोर येणार होतं.

‘‘काळजी करू नकोस,’’ हेगेले बायकोला म्हणाले. ‘‘मी हरकत घेतो.’’

‘‘अहो, काळजी कशाला? वजन कुठून आणेल तो? फायली संपल्या की सगळ्या!’’ इर्मेला हसली. ‘‘तुम्ही गप्प बसा आणि जेवा.’’

पण गप्प बसणारा माणूस बांधकाम कार्यालयात जात नाही. हेगेले सबंध आठवडा लिहीत होते. सूर्यप्रकाशाचा आराखडा, सावलीचा आराखडा, सरड्यांची बाजू, कोंबड्याच्या कर्कश्श आवाजाविषयी वेगळं परिशिष्ट. इतकं सुंदर त्यांनी आयुष्यात लिहिलं नव्हतं. टांगलेल्या घराविरुद्धची हरकत, घर जमिनीला टेकण्याआधी, जागेवरच, नौकेच्या प्रमुखाच्या हाती, प्रत्येक खात्यासाठी स्वतंत्र प्रतीसह द्यावी असा नियम आहे. लोकांनी हरकती घेऊच नयेत म्हणून तो हेगेल्यांनीच आपल्या घराच्या वेळी केला होता. पण आता लोक इरेला पेटले होते. रापच्या छपराचा रंग कुणाला खुपला, रापची चिमणी कुणाला खुपली, आणि ज्यांना काहीच खुपलं नाही त्यांनी तत्त्व म्हणून लिहिलं. आम्ही काटकसरी माणसं, एरवी पाकिटं उलटी करून वापरतो. त्या आठवड्यात मात्र कागदाची पाठ कोरी सोडून लिहिलं.

शनिवारी रापचं घर आलं आणि पायाच्या वर लटकून राहिलं. पाणी नव्हतं, दगड नव्हते. राप खाली रडवेला उभा होता. इर्मेला खिडकीत कोपर टेकून, मजेत कॉफी पीत बघत होती.

मग पायऱ्यांवर आम्ही दिसलो. प्रत्येकाच्या हातात गठ्ठे. सगळ्यांत पुढे, सगळ्यांत जड गठ्ठे घेऊन, घामाघूम झालेले हेगेले.

‘‘हरकत आणलीय,’’ ते डालमानबाईंना म्हणाले. ‘‘प्रतींसह.’’

‘‘वा! इथे ठेवा,’’ डालमानबाई म्हणाल्या, आणि जाळं दाखवलं.

घर हातभर खाली आलं.

‘‘अहो!’’ इर्मेला खिडकीतून किंचाळली. ‘‘मागे फिरा! काट्यावर ठेवतायत त्या! अहो, वजन करतायत तुमचं!’’

‘‘पोच घेतल्याशिवाय मी हलणार नाही!’’ हेगेले ओरडले. ‘‘नियम आहे!’’

मागचे आम्ही ढकलत होतो. आपली हरकत राहून जाईल, दुसऱ्याची आधी घेतली जाईल, या भीतीने आम्ही अक्षरशः एकमेकांच्या अंगावरून चढलो. प्रत्येक गठ्ठ्याला घर थोडं उतरे, आणि ते उतरताना पाहून आमचा संताप आणखी वाढे, आणि संतापाने आम्ही पुढचा गठ्ठा आणखी जोरात टाकू. शेवटचा गठ्ठा पडला तेव्हा रापचं घर अलगद पायावर बसलं. तळं गेलं. स्वित्झर्लंड गेला. खिडकीत उरला पवनकोंबडा.

हेगेले पोच घेऊन विजयी मुद्रेने घरात आले. इर्मेलाने ती हातातून घेतली आणि मोठ्याने वाचली. ‘आपली हरकत मिळाली. उपयोगी पडली. आभारी आहोत.’

मग तिने श्पेत्सलेची फळी पुसली आणि पिशवीत घातली. उल्मची गाडी तिला अजून गाठता येण्यासारखी होती.

‘‘अगं, असं काय करतेस? माझी हरकत आहे!’’ हेगेले दारात आडवे उभे राहून म्हणाले.

‘‘लेखी द्या,’’ ती म्हणाली आणि त्यांच्या बाजूने निघून गेली.

पुढच्या शनिवारी नवं घर येतंय. कुणाचं आहे ते अजून कळलेलं नाही, पण आम्ही लिहायला बसलो आहोत. मंडळी, हसताय ते ठीक आहे. तुमच्याही शेजारी कुणीतरी काहीतरी बांधत असेलच, आणि तुमचीही हरकत लिहून तयार असेलच. पाठवून द्या. फक्त जाड कागदावर लिहा, म्हणजे त्याचं घर लवकर टेकतं.